उपवासाच्या दिवशी मैदानावर किती धावावे?

शंका : मी पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे रेशीमबाग मैदानावर धावायला जाते. घरी नवरात्राचे नऊ दिवस, शिवाय श्रावणी सोमवार आणि एकादशी असते. उपवासाला साबुदाण्याची उसळ आणि तीन-चार वेळा चहा, एवढ्यावर दिवस निघतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून छातीत जळजळ होते, पोट साफ होत नाही आणि धावताना पाय गळून जातात. मैदानावरचे सर म्हणतात, उपवास बंद कर. आजी म्हणते, धरलेले व्रत सोडले तर दोष लागतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नागपूर

समाधान : सर आणि आजी या दोघांनाही तुमची काळजी आहे. पण दोघेही असे धरून चालले आहेत की व्रत आणि मैदान यांतले एकच काहीतरी निवडावे लागते. आपल्या जुन्या वैद्यकाने हा प्रश्न अधिक बारकाईने पाहिला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे, म्हणजे शरीराला हलके करणाऱ्या उपायांचे, दहा प्रकार दिले आहेत. त्यांत उपवास आहे आणि व्यायामही आहे. दोन्ही एकाच यादीत, शेजारी-शेजारी. याचा अर्थ सरळ आहे. जो माणूस एकाच दिवशी कडक उपवास आणि पूर्ण ताकदीचा व्यायाम करतो, तो दुहेरी लंघन करतो. नऊ दिवस ओळीने दुहेरी लंघन करायला कोणी सांगितलेले नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम कोणी करावा हेही सांगून ठेवले आहे : बलवानाने, स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात, आणि तोही अर्ध्या शक्तीने, इतर ऋतूंत त्याहून कमी. ज्याला अजीर्ण झाले आहे त्याने करूच नये, असेही तिथे आहे. तुमचे पोट बिघडलेले, आहार एक ताटली उसळ, आणि धावणे मात्र पूर्ण वेगाने. ही तक्रार देवीच्या व्रतामुळे आलेली नाही. उपवासाचा भार आणि मैदानाचा भार एकमेकांवर रचल्यामुळे आलेली आहे.

आजचे शरीरशास्त्र याच निष्कर्षाला वेगळ्या वाटेने येते. यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते आणि रात्रभराच्या उपाशीपणात ती बरीच कमी होते. स्नायूंमध्ये याच्या तीन-चार पट साठा असतो. भरतीतली ८०० मीटरची शर्यत एकदा धावून तो संपत नाही, पण रोजच्या सरावात पुन्हा पुन्हा वेगाने धावताना तो खर्च होत जातो आणि पोटभर खाल्ले नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत भरून येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय गळतात ते म्हणून. दुसरी उणीव प्रथिनांची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या मुलीला सुमारे ४६ ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात १ ग्रॅमसुद्धा नसते. शेंगदाण्याचा कूट थोडी भर घालतो, पण एका ताटलीत पडून पडून किती पडणार? साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाही आणि पाणी कमी प्यायले जाते, म्हणून पोट साफ होत नाही. तूप आणि कूट घातलेली उसळ पोटात रेंगाळते, त्यात रिकाम्या पोटी चहा आणि वर पळापळ. मग जळजळ होते यात नवल नाही.

साबुदाणा सोडला तर उपवासाला बाध येईल, ही भीती तर अजिबात बाळगू नका. ज्या कंदापासून तो होतो ते टॅपिओकाचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आणि आपल्याकडे येणारा साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. बटाटा आणि शेंगदाणाही त्याच खंडातून आले, आणि मिरचीही अमेरिकेतलीच. प्राचीन व्रतग्रंथांना हे पदार्थ ठाऊकच नव्हते. घराघरांतल्या बायकांनी ते उपवासात सामावून घेतले. ज्या परंपरेने परदेशी कंदाला जागा दिली, ती राजगिऱ्याला नाही म्हणणार नाही. १०० ग्रॅम राजगिऱ्यात १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत आणि चोथाही भरपूर आहे. भगर आहे, रताळे आहे, दूध, दही आणि ताक आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांतला शिंगाडा आहे. शारदीय नवरात्राच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागतात. एवढे सगळे हाताशी असताना नागपूरच्या मुलीने चहावर दिवस काढावा, हे मनाला पटत नाही.

आता आजींचा मुद्दा. तो हलका नाही आणि त्याला शास्त्रातूनच उत्तर द्यायला हवे. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुराच्या उपदेशात, ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, तूप, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. शिकवणाऱ्या गुरूचा शब्द या यादीत आहे हे आजींना जरूर वाचून दाखवा. काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात लिहिलेला धर्मसिंधू महाराष्ट्रातल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानला. त्या परंपरेत उपवासाच्या पायऱ्या आहेत. पूर्ण निराहार न झेपणाऱ्याने एकभुक्त राहावे किंवा नक्त करावे, म्हणजे दिवसातून एकदा किंवा फक्त रात्री जेवावे, फलाहार घ्यावा, अगदीच अशक्त असेल त्याच्यासाठी घरातल्या दुसऱ्याने प्रतिनिधी म्हणून व्रत करावे. वारंवार पाणी पिण्याने उपवास बिघडतो असेही वचन आहे, हे मी लपवत नाही. पण त्याच्याच जोडीला, जिवावर बेतले असता पाण्याने उपवास मोडत नाही, हा अपवादही आहे. पायरी बदलणे म्हणजे व्रत सोडणे नव्हे.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायका उपवास करून दिवसभर शेतात राबत होत्या, त्यांना काय झाले? संथ गतीने दिवसभर चालणारे कष्ट आणि घड्याळ लावून मारलेली धाव यांचा शरीरावरचा ताण वेगळा असतो. शिवाय त्यांना काय झाले याची नोंद ठेवलीच कोणी? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. न बोलता सोसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. दुसरे कोणी म्हणेल, उपवासाचे फायदे सिद्ध करून जपानी शास्त्रज्ञाने नोबेल मिळवले. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून वापरतात, याचा यीस्टमध्ये उलगडा केल्याबद्दल. शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलीने नऊ दिवस कमी खावे, असे त्यातून निघत नाही.

आणि एक आक्षेप उरतो, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : एवढ्या सवलती घेतल्या तर त्याला तप म्हणायचे कसे? गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघेही योगाला अपात्र ठरवले आहेत. ज्या शहरात १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला, तिथे हे वेगळे सांगायला नको की गौतमाने शरीर सुकवणारे उपोषण स्वतः करून पाहिले आणि सोडून दिले. रमजानच्या रोज्यातही आजारी माणसाला आणि प्रवाशाला नंतर दिवस भरून काढण्याची मुभा आहे. इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी हीच सूट ठेवली, कारण व्रताचा कस संयमात आहे. जिभेला आवडणारी तुपातली उसळ आणि चहा सोडून ताक-राजगिऱ्यावर राहणे हा मला तरी अधिक खडतर संयम वाटतो.

तेव्हा निर्णय असा. सोमवारी आणि एकादशीला वेगाचा सराव ठेवू नका. चालणे आणि हलके ताणाचे व्यायाम पुरेत. नवरात्रात नऊही दिवस एकभुक्त किंवा फलाहार ठेवा, धावण्याचे अंतर निम्मे करा, सकाळी मैदानावरून आल्यावर तासाभरात दूध किंवा दही, राजगिरा आणि एक फळ घ्या, दिवसभर पाणी आणि ताक पीत राहा. शारीरिक चाचणी नवरात्रातच आली, तर संकल्प आजींनी तुमच्या वतीने धरावा. शास्त्राला ते मान्य आहे. ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीला मात्र मैदानावर पाऊलही टाकू नका. तेव्हा नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असू शकतो आणि पाण्याविना त्या उन्हात धावणे जिवावर बेतते. एवढे करूनही पंधरा दिवसांत जळजळ थांबली नाही, चक्कर आली किंवा शौचाला काळे झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन पोट आणि रक्त दोन्ही तपासून घ्या.