लिपस्टिकची रेघ

‘फिफ्टी शेड्स डार्कर’ या सिनेमाची डिस्क अमेरिकेत 9 मे 2017 ला बाजारात आली आणि आमच्या लायब्ररीत तिच्यासाठी नंबर लागले. सिएटलजवळच्या या लायब्ररीत परत आलेल्या डिस्क तपासून जागेवर लावायचं काम मी तेव्हा करायचे. बायका ती डिस्क काउंटरवर पालथी ठेवायच्या. मीही ती तशीच उचलायचे. फेब्रुवारीत थिएटरच्या रांगेत ज्यांना संकोच वाटला असेल, त्यांना घरात, दार लावून, हवं तिथं थांबवत ती बघता येत होती. यात मला कधी वावगं वाटलं नाही. माझा नंबर आल्यावर मीही ती घरी आणली.

माझी आई माळकरी, सोलापूर जिल्ह्यातली. शरण जाणं हा शब्द मी तिच्याकडून शिकले. म्हणून या सिनेमातला ‘शरण’ मला छळत राहिला. पहिल्या भागात नायक ख्रिश्चन ग्रे नायिका अ‍ॅनासमोर करारनामा ठेवतो: काय चालेल, काय नाही, कोणता शब्द उच्चारला की थांबायचं. या दुसऱ्या भागात करार गेलेला असतो. त्याच्या छातीवर लहानपणीच्या चटक्यांचे डाग आहेत, तिथं हात लावलेला त्याला सोसत नाही. तेव्हा लिपस्टिकनं त्याच्या छातीवर रेघ आखली जाते. हिच्या आत यायचं नाही. अ‍ॅना येत नाही.

त्या प्रसंगाला मी डिस्क थांबवली. लक्ष्मणरेषा सीतेसाठी दुसऱ्यानं आखली होती. ही रेघ ज्याचं दुखणं त्याच्याच अंगावर, त्याच्याच मर्जीची. हे मला पवित्र वाटलं. हो, पवित्रच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम वैरी आहे आणि सातव्यात, धर्माला सोडून नसलेला काम म्हणजे मीच, असं भगवंत सांगतो. दोन्हींतला फरक मला त्या रेघेत दिसला.

पण हाच ख्रिश्चन अ‍ॅना जिथं नोकरी करते ती प्रकाशनसंस्था विकत घेतो. तिच्या बँक खात्यात न विचारता पैसे भरतो. ऑफिसच्या कामासाठी न्यूयॉर्कला जाऊ नकोस म्हणतो. पूर्वी अशाच करारात त्याला शरण असलेली लायला पिस्तूल घेऊन येते आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसते. ते पाहून अ‍ॅना दुरावते, तेव्हा तो स्वतःच तिच्यासमोर तसाच गुडघे टेकतो. सिनेमाला ही त्याची शरणागती वाटते. मला नाही वाटली. तिला गमावण्याच्या भीतीनं तो खाली बसला. विकत घेतलेली संस्था त्याच्याकडेच राहिली. तिच्या नोकरीभोवती, तिच्या पैशांभोवती रेघ आखायला लिपस्टिक तिच्या हातात कुणी दिलीच नाही.

डिस्कवर थिएटरची आणि ‘अनरेटेड’ अशा दोन्ही आवृत्त्या होत्या. पहिला भाग भारतात सेन्सॉरनं अडवला होता. सगळे अंगावरचे कपडे मोजत बसले. दुसऱ्याचं आयुष्य प्रेमानं ताब्यात घेण्याला कोणतं प्रमाणपत्र द्यायचं, हा प्रश्न कुठल्याच देशातल्या मंडळापुढे आला नाही.

हे मी सिनेमावरच्या रागानं लिहीत नाही. लग्नानंतर माझा पगार आमच्या ह्यांच्या खात्यात जायचा. त्यांच्या मनात माझी काळजीच होती, आणि म्हणूनच ‘नको’ म्हणायला मला अकरा वर्षं लागली. म्हटल्यावर ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी बँकेचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. त्या फॉर्मवर सही करताना मला ते जितके जवळचे वाटले, तितके लग्नात अक्षता पडताना वाटले नव्हते.

डिस्क आली त्या वर्षी आषाढी नेमकी 4 जुलैला आली. इथं स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. आईला फोन केला तेव्हा ती उपासाची भगर खाऊन आडवी झाली होती. सिनेमाचं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून पुंडलिकाचं विचारलं. आईबापांची सेवा चाललीय, थांब, म्हणून त्यानं देवाला वीट फेकली, आणि एवढा जगाचा धनी तिच्यावर उभा राहिला. त्याला अपमान नसेल का गं वाटला?

“त्याला बोलावलं होतं का कुणी?” आई म्हणाली. “आपणहून आला होता. मग थांबायला नको?”