न मोजलेली उडी

आमच्या भागात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर लग्नाच्या मांडवात. तेव्हा एका मुख्याध्यापकाने स्की जंपिंगवर लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. येऊ द्या. या खेळातल्या एका प्रसंगाने मला नीतिशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा जास्त छळले आहे.

उंच उतारावरून घसरत येऊन खेळाडू हवेत झेपावतो; किती लांब उतरला आणि कशा डौलाने, यावर गुण. 1994 च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये मोठ्या टेकडीवरच्या सांघिक स्पर्धेत जपानचे सुवर्णपदक हातात आल्यासारखेच होते. शेवटच्या मासाहिको हारादाला 105 मीटर पुरले असते. तो 97.5 मीटरवर उतरला. सुवर्ण जर्मनीला गेले. त्याच संघात जिन्या निशिकाता होता.

चार वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1998 रोजी, नागानो ऑलिंपिकची तीच स्पर्धा हाकुबाला झाली. दुखापतीमुळे निशिकाताची संघातली जागा गेली होती. तो आला चाचणी उड्या मारायला. अशा उड्यांना ना गुण, ना पदक. पहिल्या फेरीत हिमवादळ. हारादा पुन्हा 79.5 मीटरवरच. जपान चौथा. दुसरी फेरी रद्द झाली असती तर पहिल्या फेरीचाच निकाल कायम होणार होता. पंचांनी चाचणी उड्या पाहून ठरवायचे म्हटले. 25 जण त्या वादळात एकापाठोपाठ उतरले, कोणी पडला नाही. निशिकाता 123 मीटरपर्यंत गेला. फेरी झाली. हारादाने 137 मीटर गाठले आणि जपानला सुवर्ण मिळाले.

आपल्याकडे यावर लगेच ‘निष्काम कर्म’ असा शिक्का मारतील. मला तो पटत नाही. या माणसांना फळ हवेच होते, अगदी उत्कटपणे हवे होते. फक्त ते दुसऱ्याच्या गळ्यात पडणार होते. आणि निशिकाताला स्वतःची हुकलेली संधी आठवली नसेल, असे मानणे म्हणजे त्याला माणसातून उठवणे.

खरी अडचण वेगळीच आहे. टेकडी सुरक्षित आहे का, याची साक्ष जपानी खेळाडूंनी द्यायची, आणि लाभही जपानचाच! शाळेत प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा मुलगा त्याच वर्गात असेल तर आम्ही दुसरा परीक्षक नेमतो. मात्र इथे साक्षीदाराने शब्द दिला नव्हता, स्वतःची हाडे पणाला लावली होती. खोटी साक्ष देण्याची सोयच नव्हती. टेकडी धोक्याची असती तर तोच आधी आपटला असता. म्हणून मी ती साक्ष ग्राह्य धरतो.

तरी एक गोष्ट उरतेच. त्याच्या धाडसाच्या भरवशावर ऑस्ट्रियाच्या, नॉर्वेच्या मुलांनाही वर चढावे लागले. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क माणसाला असतो; त्याच उडीने इतरांचाही धोका ठरतो, तेव्हा त्यांना कोणी विचारायचे?