न पाहतां दिलेली साक्ष

अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, पावसाळ्यांत, कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली जुनी पद्मिनी मोटार पुष्कळदां असा हट्ट धरते: सेल मारला कीं एंजिन फिरतें, परंतु सुरू होत नाहीं. फिरतें त्या अर्थीं बॅटरींत बहुधा दम आहे. उणीव पेट्रोलची किंवा ठिणगीची. डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांत ओल धरली म्हणजे ठिणगी भलत्याच वाटेनें जाते, आणि कोरड्या फडक्यानें तें पुसतांच कित्येकदां काम होतें.

आतां एखादा मिस्त्री झांकण न उघडतांच, “कॉइल गेली,” असें सांगून नवी बसवितो. त्यानें कोणती आज्ञा मोडली? कोणी म्हणेल आठवी, कारण पैसे घेतले. आम्हांस वाटतें, आधीं नववी. कॉइल गेली असेलही! परंतु आपण पाहिलें आहे अशी साक्ष त्यानें दिली, व पाहिलें तर नव्हतें. “ठाऊक नाहीं, तपासतों,” असें म्हटल्यानें गिऱ्हाईक जाईल, ही त्याची भीति खरी आहे. पोट सर्वांसच आहे. पण घाईनें उत्तर मागणारे आपणही त्या साक्षींत वांटेकरी नाहीं काय? तपासण्याच्या तासाची मजुरी देतांना आपण कुरकुरतों, आणि नव्या कॉइलचे पैसे मात्र निमूटपणें मोजतों.