हमिंग नसणे म्हणजे काय?

अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे, गाणे बंद आहे, आणि स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही. पॉवर सप्लायमधला फिल्टर एवढ्यासाठीच असतो. त्याचे काम काही निर्माण करण्याचे नाही, नाहीसे करण्याचे आहे. पण हे ‘नसणे’ स्वतः काही आहे का? भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. उत्तरकालीन न्याय-वैशेषिक परंपरा अभावाला सातवा पदार्थ मानते. प्राभाकर मीमांसक ते नाकारतात. त्यांच्या मते जमिनीवर घडा नाही म्हणजे नुसती जमीन आहे. तिच्याखेरीज ‘नसणे’ नावाचे वेगळे काही तिथे नसते.

भारतातली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्धी आवर्तने एकाच दिशेला वळवतो, म्हणून त्यातून सेकंदाला 100 उसळ्या बाहेर पडतात. दोन उसळ्यांमधला खळगा कपॅसिटर भरून काढतो. तरीही उरणारा चढउतार म्हणजे रिपल. त्याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: करंटला 100 ने आणि कपॅसिटन्सने भागायचे. करंट 2 अँपियर आणि कपॅसिटर 10,000 मायक्रोफॅरडचा असेल, तर रिपल सुमारे 2 व्होल्ट. कपॅसिटर दुप्पट केला की रिपल निम्मा होतो, शून्य कधीच होत नाही. 18-0-18 च्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला 24 व्होल्टच्या आसपास मिळतात आणि भार नसताना त्याहूनही जास्त. म्हणून कपॅसिटर 35 व्होल्टचेच घ्यावेत. 25 व्होल्टचे बसवणे धोक्याचे.

नैयायिकांचा एक मुद्दा इथे फार उपयोगी पडतो. अभाव कधीही मोघम नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. ‘आवाज नको’ एवढ्यावर फिल्टर बसवता येत नाही. कोणता आवाज नको, ते आधी ठरवावे लागते. 100 हर्ट्‌झचे हमिंग रेक्टिफायरकडून येते. 50 हर्ट्‌झचे बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून इनपुटच्या वायरीत शिरलेले असते, नाहीतर अर्थ लूपचे असते. दुसऱ्यावर पहिल्याचे औषध चालत नाही. अर्थ लूप घालवण्यासाठी मेन्सची अर्थिंग काढून टाकणे हा तर जिवाशी खेळ आहे. तसे कधीही करू नये.

उलट, औषध वाढवल्याने दुखणे वाढू शकते. कपॅसिटर मोठा असला की तो उसळीच्या माथ्यावर थोडाच वेळ आणि मोठ्या झटक्याने भरतो. सरासरी करंट 2 अँपियर असला, तरी हा झटका 10 अँपियरच्या पुढे जातो. वायरीच्या तुकड्याचा रोध 10 मिलीओहम धरला, तरी त्यावर 100 मिलीव्होल्ट पडतात. इनपुटची ग्राउंड त्याच तुकड्यावर जोडलेली असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर ते इमानेइतबारे मोठे करून ऐकवतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप आणि कपॅसिटरांचा मधला सांधा जाड, आखूड वायरीने जोडावा. तिथून एकच वेगळी वायर काढून स्टार ग्राउंड करावी. स्पीकरची परत येणारी वायर आणि इनपुटची ग्राउंड त्या बिंदूवर आणावी. घरी बांधलेल्या अनेक सेटांतले हमिंग कपॅसिटर न बदलता, नुसती वायर एका सांध्यावरून दुसऱ्यावर नेल्याने जाते.

हे हमिंग निव्वळ खरखर नसते, त्याला सूर असतो. काळी एकच्या पट्टीत पुरुषी तानपुऱ्याची पंचमाची तार सुमारे 104 हर्ट्‌झवर लागते. 100 हर्ट्‌झचे हमिंग तिच्या जरा खाली बसते आणि दोघांच्या मिळून सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. रेकॉर्डिंगमधला तानपुरा नीट जुळलेला असूनही बेसूर वाटतो. प्रतियोगी ओळखला नाही, तर दोष बिचाऱ्या तानपुऱ्यावर जातो.

अभाव कळतो कसा, यावरही मतभेद आहेत. न्यायमतात शब्दाचा, म्हणजे ध्वनीचा, अभाव कानालाच प्रत्यक्ष होतो. कुमारिलांचे अनुयायी भाट्ट मीमांसक त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती नक्की कळली असती, अशी स्थिती हवी. दुपारी पंख्याखाली हमिंग ऐकू आले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. रात्री पंखा बंद करून, इनपुट शॉर्ट करून, वूफरच्या कोनाला कान जवळजवळ टेकवून ऐकावे. तेव्हाही बारीक ‘स्स्’ येतो. रोधकातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीचा तो आवाज कोणताही फिल्टर काढू शकत नाही.

म्हणून या यंत्रात शब्दाचा अत्यंताभाव, म्हणजे तो मुळात कधीच नसणे, मिळत नाही. मिळतो तो ध्वंस: ठराविक कारणांनी, ठराविक क्षणी झालेला एका ठराविक आवाजाचा नाश. प्राभाकरांचे म्हणणे इथे तोकडे पडते. बंद सेटची शांतता आणि चालू सेटची शांतता दुरून कानाला सारखीच. पण दुसरीला कारण आहे, खर्च आहे आणि देखभालही आहे. उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतो आणि हमिंग परत येते. तापमान 10 अंशांनी कमी ठेवले, तर त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. त्यामुळे कपॅसिटर हीटसिंकपासून दूर बसवावेत.