आपलीच दवंडी

गेल्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटून घरी आलो होतो आणि पायरीवर छत्री झटकीत होतो, तोच फाटकाशी मोटारसायकल थांबली. पाठीवर काळी लांबट पिशवी बांधलेला एक दाढीवाला तरुण उतरला आणि थेट माझ्या पायांशी वाकला. शिक्षकाच्या धंद्यात ही एक अडचणच आहे. पाया पडणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि आशीर्वाद तर नावासकट द्यावासा वाटतो. तो उभा राहिला तेव्हा दाढीआडून ओळख पटली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी व्याकरणाच्या तासाला हा मुलगा बाकावर बोटांनी ताल धरायचा. मी ती बोटे पट्टीने थांबविली होती. ती थांबली नव्हती, हे त्या पिशवीतल्या गिटारकडे पाहून लक्षात आले.

"सर, आठ गाणी काढलीत. सगळी माझी. लग्नात, गणपतीत नऊ वर्षं दुसऱ्याची वाजवली, आता आपली वाजवायचीत."

"मग वाजव की."

"वाजवतोय ना. सुरुवात इथून, मग जालना, परभणी, नांदेड, लातूर. सामानाला छोटा हत्ती ठरवलाय. फक्त लोकांना कळायला पाहिजे. तुम्ही शाळेत एक सूचना लावा, अन् तुमच्या लेखक मंडळींना घेऊन या."

मी त्याला चहा पाजला आणि उपदेशही पाजला. म्हणालो, "अरे, चांगल्या गोष्टीला दवंडी लागत नाही. फूल काय आपला वास विकत गल्लोगल्ली हिंडते?" तो काही बोलला नाही. जाताना पन्नासएक पत्रके तेवढी टेबलावर ठेवून गेला. माझे वाक्य मात्र मला भारी आवडले होते. कादंबरीत कुठे बसवता येईल याचा विचार करीत मी आत गेलो, तर पत्नी कणीक मळता मळता म्हणाली, "फुलाकडे मधमाशी तरी येते. तुमच्या पोटमाळ्यावर नुसते उंदीर येतात."

वाचकांना हा टोला कळावा म्हणून सांगायला हवे की, अकरा वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी पदरच्या पैशाने निघाली. पाचशे प्रती छापल्या होत्या. त्यांपैकी तीनशेच्या वर आमच्या पोटमाळ्यावर गठ्ठ्यांत बांधून आहेत. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांवरून मी रोज जातो; पण आत जाऊन "माझे एक पुस्तक आहे, दोन प्रती ठेवता का?" असे विचारणे मला अकरा वर्षांत जमले नाही. ह्याला मी विनय म्हणत आलो. मी दहावीपलीकडे न शिकलेला माणूस. विनय ही माझ्यापाशी असलेली एकच पदवी आहे, अशी माझी समजूत होती. त्या रात्री प्रथमच त्या समजुतीला टाचणी लागली.

आत्मस्तुतीची आपल्याला भीती वाटते, ती उगीच नव्हे. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली, त्यांत आपणच आपली स्तुती करणारा अगदी प्रारंभीच येऊन बसला आहे. लहानपणी घरी पाहुण्यांसमोर "मला पहिला नंबर मिळाला" असे म्हणालो की वडील डोळे वटारीत. ते बरोबरच होते. परंतु आमच्या गल्लीत सकाळी मेथीच्या जुड्या घेऊन एक बाई येते. ती कोपऱ्यावरून ओरडते तेव्हा काय म्हणते? माझ्यासारखी भाजी त्रिभुवनात नाही, असे काही तिच्या ओरडण्यात नसते. मेथी आहे, मी आले आहे, एवढेच ती कळविते. ती जर अंगणात मुकाट्याने उभी राहिली आणि कुणी दार उघडले नाही म्हणून रागावून निघून गेली, तर तिला आपण विनयशील म्हणू काय? मला वाटते, तिच्या मानीपणाला हसू. आणि मी तर अकरा वर्षे अंगणातसुद्धा न येता घरात रुसून बसलो होतो.

शिवाय, ज्यांच्या विनयाला आपण हात जोडतो त्या संतांनी आपली नावे कुठे लपविली आहेत? पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथल्या नाथांनी भारुडे रचली ती कुणाच्या तोंडी घातली? वासुदेव, जोशी, गोंधळी, म्हणजे दारोदार हिंडून हाळी घालणाऱ्यांच्याच. आणि रचनेच्या अखेरीस आपली मुद्रा ठेवली, ती 'एका जनार्दनी' अशी. कोवळ्या वयात पैठण सोडून ते देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे गेले, असे परंपरा सांगते. त्या गुरूचे नाव स्वतःच्या नावाला जोडल्यावाचून त्यांनी सही केली नाही. स्वतःचे नाव सांगण्याची ही रीत माझ्या डोळ्यांसमोर शाळेच्या सहलीतून कित्येकदा येऊन गेली असेल. पण त्या किल्ल्यावर मी बहुतेक वेळ मुलांची डोकीच मोजीत असतो.

आता ह्या मुलाच्या जातीचे, म्हणजे गिटार घेऊन एकट्याने निघालेल्या माणसाचे उदाहरण द्यायचे तर गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांचेच दिले पाहिजे. १९५३ साली पणजीत त्यांचा जन्म झाला. मुंबईत ते वास्तुशास्त्र शिकले आणि 'सॅव्हेजेस' नावाच्या तिथल्या बँडमध्ये काही काळ वाजवीत होते. पुढे ते गोव्याला परतले, आणि १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही त्यांची पहिली ध्वनिफीत निघाली. स्वतः रचलेली इंग्रजी गाणी ह्या देशात कोण विकत घेणार, असा तो काळ. रेमोंनी शिवोलीच्या घरातच चार पट्ट्यांच्या एका लहानशा यंत्रावर ती गाणी मुद्रित केली. हे यंत्र मोठे गमतीचे असते. फितीवर शेजारी शेजारी चार पट्ट्या. पहिल्या पट्टीवर गिटार वाजवून ठेवायची. मग फीत उलटी फिरवून, कानाला ती गिटार लावून, दुसऱ्या पट्टीवर ताल धरायचा. तिसऱ्यावर आणखी एखादे वाद्य, चौथ्यावर गळा. एकच माणूस आपल्याच मागे साथीला बसतो आणि फीत वाजू लागली की खोलीत चौघे जण असल्याचा भास होतो. वाद्ये त्यांची, आवाज त्यांचा, वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. एवढे झाल्यावर विकणार कोण? तेही तेच. स्कूटरवर कॅसेटी घेऊन ते गोव्यातली दुकाने हिंडले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९८७ च्या 'जलवा' चित्रपटातले गाणे देशभर गेले आणि २००७ साली पद्मश्री मिळाली. पण माझे मन पद्मश्रीपाशी रेंगाळत नाही, ते त्या स्कूटरपाशी घोटाळते. पहिल्या दुकानापुढे स्कूटर उभी केल्यावर दुकानदाराला ते काय म्हणाले असतील? 'चांगली गाणी आहेत' असे म्हणावे तर आत्मस्तुती. 'बरी आहेत' म्हणावे तर कॅसेट कोण ठेवणार? वास्तुशास्त्र शिकलेल्या माणसाला उन्हात उभे राहून 'नको' ऐकून घ्यावे लागणे, ह्यात गर्व कुठे शिल्लक राहतो?

तमाशावाल्यांना हे फार पूर्वी कळले असावे. जत्रांचा हंगाम आला की नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात, आणि राहुटीवर फडमालकाचे नाव ठळक रंगविलेले असते. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. गैर वाटते ते आम्हा पांढरपेशांना, बहुधा आमचे पोट त्यावर अवलंबून नसते म्हणून.

कार्यक्रमाला मी गेलो. सूचना लावली नव्हती त्याची टोचणी होती. संत एकनाथ रंगमंदिर त्याच्या खिशाबाहेरचे, म्हणून एका मंगल कार्यालयाचे सभागृह घेतले होते. खुर्च्या तीनशे असतील, माणसे मी मोजली (ही शाळेतली सवय!), ती चौतीस भरली. त्यांत त्याची आई आणि दोन मावश्या. पन्नास पत्रके माझ्या टेबलावर पडून आहेत, हे त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहताना मला सारखे आठवत होते.

खरे सांगायचे तर सुरुवातीची दोन गाणी मला गारपिटीत पत्र्याच्या शेडखाली उभे राहिल्यासारखी वाटली. मधूनमधून तो स्वतःविषयी जे बोलत होता तेही मला रुचले नाही. "मराठवाड्यात असं कुणी केलेलं नाही" हे वाक्य त्याने तीनदा म्हटले, आणि तिसऱ्या वेळी माझ्यातला पट्टीवाला मास्तर जागा झाला. पण पाचवे गाणे त्याने पाय दाबून तो कर्कश आवाज बंद केला आणि नुसत्या तारांवर सुरू केले. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्या आणि न परतलेल्या मामावरचे ते गाणे होते. चौतीस माणसे अगदी गप्प झाली. तीनशे असती तरी ह्याहून अधिक गप्प झाली नसती. ते ऐकायचे राहिले असते तर माझे काय गेले असते, हे मला त्या वेळी नीट कळले. आणि बाकीच्या दोनशे सहासष्ट जणांचे ते गेले, ह्यात माझाही वाटा होता.

संपल्यावर मी त्याला गाठले. माफी मागायची होती, पण मास्तर माफी मागायला गेला तरी तोंडातून चूकच काढतो. म्हणालो, "पत्रकावर तुझा एकट्याचाच फोटो आहे. मागे ढोल वाजवणारा, तो मोठी गिटारवाला, त्यांची नावं कुठंयत?"

"सर, सोलो अल्बम आहे ना."

मी त्याला कीथ रिचर्ड्सचे सांगितले. रोलिंग स्टोन्समध्ये पाव शतक काढल्यावर १९८८ साली त्यांनी 'टॉक इज चीप' हा पहिला स्वतंत्र अल्बम काढला, आणि नवे साथीदार जमवून त्या जथ्याला वेगळे नावच दिले. नाथांच्या मुद्रेचेही सांगितले. तो थोडा वेळ तारा पुशीत राहिला. मग म्हणाला, "जालन्याच्या पत्रकावर टाकतो. पण सर, तुमच्या पुस्तकाचं काय? मी टी-शर्ट मांडतोच टेबलावर. शेजारी ठेवू की."

जालन्याला मी छोट्या हत्तीत ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. मांडीवर पंधरा प्रतींचा गठ्ठा. साठेक किलोमीटर मनाशी वाक्ये जुळवीत होतो, आणि प्रत्येक वाक्य बदनापूरपर्यंतसुद्धा टिकत नव्हते. एका महाविद्यालयाच्या आवारात कार्यक्रम होता. नव्या पत्रकावर चौघांची नावे होती, त्याचे जरा मोठ्या अक्षरांत. टेबलावर टी-शर्टांच्या बाजूला माझी पुस्तके रचून मी मागे उभा राहिलो, पुस्तकांचा आपला काही संबंध नसल्यासारखा.

आत ढोलाची चाचणी चालली होती. निवृत्त दिसणारे एक गृहस्थ थांबले. त्यांनी प्रत उचलली, मागचे पुढचे पाहिले.

"कुणाचं आहे हो हे?"

"माझं," मी म्हणालो.

"असं? कसं आहे?"

रस्ताभर जुळविलेले एकही वाक्य आठवेना. "पहिली चाळीस पानं जरा संथ आहेत," मी म्हणालो.

गृहस्थ हसले. चष्मा नाकावर सारून त्यांनी एकेचाळिसावे पान उघडले आणि तिथेच दिव्याखाली उभ्या उभ्या वाचू लागले.