चौकातून बाजारात

वारली घरात लग्न निघालं की आधी एक भिंत लग्नाला तयार होते. शेणमातीने सारवून तिच्यावर गेरू चढतो. मग सवाष्णी तांदळाच्या पिठाचं पाणी आणि बांबूची काडी घेऊन चौक लिहायला बसतात. मधे पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. ही चित्रं भिंतीसाठी आणि त्या दिवसासाठीच असत. विकायचा प्रश्नच नव्हता.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणूच्या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि चित्रं भिंतीवरून उतरली. यामागे मंडळाच्या पुपुल जयकरांचं पाठबळ होतं. आदिवासींची कला शहराला दिसली पाहिजे, एवढाच त्या काळी प्रसिद्धीचा अर्थ होता. त्यातली तळमळ खरी होती, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरांत त्यामुळे रोख पैसाही आला. पण चित्राखाली जमातीचं नाव असलं की पुरे, काढणारा कोण हे कशाला विचारायचं, असाच सर्वसाधारण समज होता.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो समज मोडला. 1975मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, 1976मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989मध्ये पॅरिसचं प्रदर्शन, 2011मध्ये पद्मश्री. जमातीमागचा माणूस नावानिशी पुढे आला. ही फार मोठी गोष्ट होती. तरीही मला एक सल राहते. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिला बायकांनी, आणि चित्राला किंमत आल्यावर नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. सन्मानाने प्रसिद्धी करायची असेल तर हा हिशोब आजही पुरा झालेला नाही.

नाव मिळालं, पण शैली मोकळीच राहिली. कॉपीराइट एका चित्रकाराच्या एका चित्राला लागू होतो. दोन त्रिकोणांच्या माणसाला, तारपा वाद्याभोवती फिरणाऱ्या नाचाला तो लागत नाही. मग कुर्ते, कप, हॉटेलांच्या भिंती भरून गेल्या. 2010च्या दिवाळीत एका बड्या शीतपेय कंपनीने जाहिरातीत वारली चित्रं वापरली, तेव्हा आदिवासी तरुणांच्या संघटनेने जाहीर हरकत घेतली. माझ्या मते विचार खरा वळला तो इथे. तोवर आदिवासींच्या वतीने कुणीतरी बोलत होतं. आता ते स्वतः मालकीची भाषा बोलू लागले. पुढे वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते नावाला आणि प्रदेशाला जपतं. पण 'वारली' हा शब्द टाळून गिरणीत छापलेल्या कापडापुढे त्याचं फारसं चालत नाही.

देवाधर्माची चित्रं बाजारात आणूच नयेत, असंही काही कळकळीने म्हणतात. मला ते पटत नाही. चौक कागदावर काढून स्वतः वारली चित्रकारांनीच विकला आहे आणि तो त्यांचा निर्णय आहे. कोणता देव बाहेर जाईल, कोणता घरातच राहील, हे ठरवायला बाहेरच्या भाविकाची गरज नाही. कंपनीची तर नाहीच. तिचं काम एवढंच, की आधी विचारायचं आणि 'नाही' म्हटलं तर ते ऐकायचं.

विचारायचं कुणाला, अशी अडचण उद्योगवाले सांगतात. उत्तर कायद्यातच आहे. 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके अशाच क्षेत्रात येतात. म्हणून कंपनीने नव्या कपड्यांसाठी नमुने ठरवायच्या आधी पाड्यावर जावं, ग्रामसभेपुढे चित्रं मांडावीत, मजुरी आणि विक्रीतला वाटा तिथेच बोलून घ्यावा. चौक लिहिणाऱ्या बायका त्या सभेत बसलेल्या असतील, याची काळजीही जाणाऱ्यानेच घ्यायची.