संकल्प केला, पायडल कोण मारणार?



आयर्लंडमधील लिस्मोर या गावी १९४१ साली एका मुलीला दहाव्या वाढदिवसाला जुनी सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले. गावाजवळचा चढ चढताना तिच्या मनात आले की, हे पाय असेच फिरवीत राहिलो तर एक दिवस आपण हिंदुस्थानात पोहोचू. त्या मुलीचे नाव डर्व्हला मर्फी.

पुढे चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली. आई संधिवाताने अपंग झाली होती. तिची शुश्रूषा या मुलीने १९६२ साली आई जाईपर्यंत केली. मग १४ जानेवारी १९६३ रोजी, ऐन कडाक्याच्या थंडीत, फ्रान्समधील डंकर्क येथून ती एकटी सायकलवर निघाली. युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे देश मागे टाकून त्याच वर्षीच्या जुलैत ती दिल्लीत पोहोचली. संकल्पानंतर प्रस्थानाला एकवीस वर्षे लागली.

धम्माच्या पाक्षिकात या परदेशी बाईची गोष्ट कशाला, असे आपण विचाराल. ती बौद्ध नव्हती हे खरे. परंतु जो प्रश्न तिच्यापुढे होता, तोच आपल्यापुढे आहे. संकल्प तर झाला, आता पायडल कोण मारणार?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. तो आपला संकल्प. पण आपल्या घरांकडे पाहा. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्याच घरात मुलाच्या लग्नाचा मुहूर्त काढला जातो, दुखण्यासाठी नवस बोलला जातो. सायकल ओट्यावर उभी करून रोज तिला हार घातला, तर मुक्काम जवळ येईल काय? तथागतांनी वाट दाखविली. चालण्याचे काम आपल्यावर सोपविले. कोणाच्याही कृपेने चाक फिरत नाही.

यालाच अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम म्हटले आहे. व्यायाम म्हणजे नुसती धडपड नव्हे. सायकलची साखळी फार ताणली तर चाक जड जाते. फार सैल सोडली तर ती उतरते. मर्फीबाईंनी हट्टाने जीव दिला नाही. बर्फाने रस्ता अडला तेथे त्या वाहनात बसल्या आणि पुढे पुन्हा सायकलवर आल्या. अफगाणिस्तानात एका बसमध्ये बंदुकीच्या दस्त्याचा मार बसून त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या. त्या थोड्या थांबल्या, पण परतल्या नाहीत. थांबणे आणि परतणे यांतील भेद प्रत्येक उपासकाने ध्यानात ठेवावा.

आता भयाविषयी. रस्त्यात धोका नव्हता असे मी सांगणार नाही. त्यांनी जवळ पिस्तूल बाळगले होते, आणि चोरांना पळवून लावण्यासाठी ते वापरावेही लागले. मात्र धोका आहे म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. धोका आहे म्हणून तयारी करून निघाल्या.

हे लिहिताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. सातवीत पहिली आलेली. पुढची शाळा पाच मैलांवर. तिचे वडील विहारात त्रिशरण-पंचशील खणखणीत म्हणणारे. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीची जात, एकटी कशी जाईल?" मी मान हलवली आणि घरी आलो. जात नाकारणाऱ्या धम्माचा उपासक 'पोरीची जात' म्हणाला आणि पदवी घेतलेला मास्तर गप्प राहिला! वडिलांचे भय खोटे नव्हते. परंतु त्या भयावर उपाय होता. दोन मुली जोडीने पाठविता आल्या असत्या. वस्तीने वर्गणी काढून सायकल घेता आली असती. मी ते सुचविलेसुद्धा नाही. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. त्या मापाने त्या दिवशी वडील आणि मी, दोघेही नापास झालो.

मर्फीबाईंच्या वाटेवर स्वातचे खोरे लागले. हाच प्राचीन उद्यान देश. सातव्या शतकात ह्यूएनत्संग धम्मग्रंथांच्या शोधात या प्रदेशातून गेला. तेथे स्तूपांचे अवशेष आजही आहेत. मात्र त्यांच्याभोवती वंदना म्हणणारा समाज उरला नाही. पलीकडे बामियानच्या डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून उडविल्या. दगडात कोरलेला धम्म कोणीही फोडू शकतो. माणसांच्या आचरणात उतरलेला धम्म मात्र तोफेला सापडत नाही. तेव्हा पुतळे अवश्य उभारा, पण त्यापुढे हात जोडून थांबू नका.

शेवटी एक गोष्ट सांगतो. दिल्लीला पोहोचल्यावर या बाईने आपला सत्कार करून घेत दिवस घालविले नाहीत. ती धरमशाळेस गेली आणि तिबेटमधून परागंदा झालेल्यांच्या मुलांची सेवा करू लागली. आजारी, उपाशी, आईबापांपासून तुटलेली ती मुले! स्वतःच्या हौसेसाठी सुरू झालेला प्रवास करुणेपाशी येऊन पोहोचला. आपलाही मार्ग तेथे पोहोचत नसेल, तर नकाशा पुन्हा उघडून पाहिला पाहिजे.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर लगेच उठू नका. आपल्या वस्तीतील कोणती मुलगी शाळा दूर म्हणून घरी बसली आहे, याची विचारपूस करा. तिच्या घरी जा. वडिलांचे भय ऐकून घ्या आणि उपाय घेऊनच बोला. मीही जाणार आहे. उशीर झाला आहे खरा. परंतु एकवीस वर्षांनी निघालेली माणसेसुद्धा मुक्कामी पोहोचतात.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!